भालेराव गुरुजींचा बारावा विद्यार्थी

भालेराव गुरुजींच्या हजेरीत बारा नावं आहेत. अकरा मुलांची, शाईनं लिहिलेली. बारावं पेन्सिलीनं, आणि ते नाव आहे ‘पाव्हणा’. सकाळी परिपाठ झाला की गुरुजी एकेक नाव पुकारतात. बाराव्या नावाला चौथीतली सायली उठते, टेबलावरच्या टॅबमध्ये एआय सुरू होतंय का ते बघते आणि जाहीर करते. रेंज असली तर पाव्हणा हजर, नसली तर गैरहजर. पावसाळ्यात पाव्हणा फार दांड्या मारतो.

मी एकदा म्हटलं, “गुरुजी, सरकारी हजेरीपटावर असलं काही चालत नाही हो.”

“म्हनून तर पेन्सिल,” गुरुजी म्हणाले. “आधीच्या शाळेचा दाखला आनू द्या, लगीच शाई करतो. कुटं शिकला, कोनी शिकिवलं, कायबी पत्ता न्हाई. असल्या पोराला वर्गात घेतलंय ह्येच लय झालं.”

गुरुजींची शाळा पवनानगरच्या पुढं, धरणाच्या काठावरच्या एका वाडीत आहे. दोन खोल्या, चार इयत्ता, एक शिक्षक. ते वर्गात अगदी पुस्तकातलं मराठी बोलतात आणि वर्गाच्या पायरीवरून खाली उतरले की मावळातलं. माझ्याशी ते कायम पायरीखालचंच बोलतात. हा मान आहे की अपमान, हे मला अजून कळलेलं नाही.

आता माझी ओळख करून द्यायला हवी, कारण या सगळ्यात मी अधिकारी माणूस आहे. मी पवनानगरच्या केंद्रशाळेत शिकवतो, राहतो लोणावळ्यात. दोन वर्षांपूर्वी केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या सगळ्या शाळांच्या, बैठकीत प्रोजेक्टर बंद पडला. मी प्लग काढला आणि पुन्हा लावला. प्रोजेक्टर सुरू झाला. केंद्रप्रमुखांनी माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, त्याच क्षणी माझं भवितव्य ठरलं. पुढं शाळाशाळांना एआयचे टॅब आले, आणि ‘विद्यार्थ्यांसाठी एआयचा सुरक्षित वापर’ या विषयाचा केंद्र मार्गदर्शक म्हणून माझं नाव वर गेलं. मला एक दिवसाचं प्रशिक्षण मिळालं. त्यातलं निम्मं मी ऐकलं. उरलेल्या निम्म्यात जेवण होतं.

मग मी चौदा पानांचं सादरीकरण तयार केलं. म्हणजे एआयला सांगून करून घेतलं. त्यातल्या चौथ्या पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, ‘एआयने दिलेला मजकूर तपासल्याशिवाय वापरू नका.’ ते पान मी तपासलं नव्हतं, आणि पुढची दहाही नव्हती.

हे पहिल्यांदा ध्यानात आलं ते भालेराव गुरुजींच्या. केंद्राच्या बैठकीत मी जोरात वाचत होतो, “काही शंका वाटल्यास विद्यार्थ्यांनी शाळेच्या ग्रंथपालांशी अथवा समुपदेशकांशी बोलावे.” गुरुजी मागच्या बाकावरून उठले.

“मार्गदर्शक, आमचं ग्रंथालय म्हंजी एक पेटी. तिला कुलूप हाय, किल्ली माझ्याकडं. म्हंजी ग्रंथपाल मी. समुपदेशक कोन?”

मी पुढचं पान उलटलं.

“खिचडीवाल्या मावशी,” गुरुजींनीच उत्तर दिलं. “खरं सांगतो. पोरं रडायला तितंच जात्यात. तुमच्या पानावर त्येंचं नाव घाला.”

सगळे हसले. मी हसल्यासारखं केलं. पण दुसऱ्या दिवशी गुपचूप ते पान बदललं आणि ‘खिचडीवाल्या मावशी’ असं घातलं. माझ्या चौदा पानांतली तेवढी एकच ओळ खरी आहे असं मला वाटतं.

टॅबबरोबर एक सूचनापत्रही आलं होतं. टॅबवर कुणी काय विचारलं याची नोंद राहते, ती सत्राच्या शेवटी मार्गदर्शकानं तपासायची. एआयला कुणाची खासगी माहिती सांगितलेली आढळली तर त्या शाळेचा टॅब परत जाणार, आणि संबंधित शिक्षकाकडून लेखी खुलासा घेऊन तो त्याच्या सेवापुस्तकाला जोडला जाणार. बाकीच्या शाळांचं ठीक होतं, तिथं संगणक होते, घरोघरी स्मार्टफोन होते. गुरुजींच्या वाडीतल्या अकरा मुलांसाठी हा एकच टॅब होता. आणि गुरुजी येत्या मे महिन्यात निवृत्त होणार होते. तेहतीस वर्षांच्या त्यांच्या सेवापुस्तकात एक वाकडा शब्द नव्हता. हे ते स्वतः सांगत नसत, पण दुसऱ्या कुणी सांगितलं तर थांबवतही नसत.

म्हणून मी त्यांच्या शाळेत मार्गदर्शनाला गेलो तेव्हा जरा काळजीनंच गेलो. जुना माणूस, त्याला कसं जमायचं, असं मला वाटत होतं. पोचलो तेव्हा टॅब बाकावर उभा होता. बाकावर ठेवलेला नव्हता. खडूच्या डब्याला टेकवून उभा केला होता.

“काय झालं?” मी विचारलं.

“तोंडी चाललीय,” गुरुजी म्हणाले. “चुकला. हुबा केलाय.”

गुरुजींची पद्धत अशी होती. रोज एका मुलानं पाव्हण्याला एक प्रश्न विचारायचा. अट एकच, उत्तर आपल्याला आधीपासून पक्कं ठाऊक पाहिजे. उत्तर बरोबर आलं तर पाव्हण्याला वहीत निळी खूण, चुकलं तर लाल, आणि बाकावर उभं राहायचं. इंदुरीचा किल्ला कोणत्या नदीच्या काठी, याचं उत्तर त्यानं झटक्यात बरोबर दिलं होतं. मग पहिलीतल्या एका पोरानं विचारलं, ‘आमच्या शाळेला खोल्या किती?’ पाव्हणा म्हणाला, ‘तुमच्या शाळेत सात प्रशस्त वर्गखोल्या, सुसज्ज प्रयोगशाळा आणि हिरवेगार क्रीडांगण आहे.’ वर्ग इतका हसला, की शेजारच्या गोठ्यातून एक म्हातारे आबा काय झालं बघायला आले.

“बघा,” गुरुजी मला म्हणाले, “वर्गात आजवर शेकडो पोरं आली. ढ आली, हुशार आली. पन ‘मला येत न्हाई’ ह्ये कदी म्हनलंच न्हाई असं ह्येच पयलं. चुकतंय तरी आवाज चढाच.”

सायलीनं टॅबला सांगितलं की उत्तर चुकलं. टॅबवर उमटलं, ‘आपण अगदी बरोबर आहात. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

गुरुजी जरा विरघळले. “लय नम्र हाय,” ते म्हणाले. “पन सुधरत न्हाई. बसा.” आणि त्यांनी टॅब उचलून बाकावर आडवा ठेवला.

मी घसा खाकरून माझ्या पहिल्या पानाला सुरुवात केली आणि वीज गेली. प्लग काढून लावण्याचा माझा उपाय इथं चालणार नव्हता.

“ऱ्हाऊ द्या,” गुरुजी म्हणाले. “आमी पाव्हणा-पाव्हणा खेळतो. तुमी व्हा पाव्हणा.”

हा त्यांचा दुसरा धडा. पाव्हणा घरी आला की त्याला पाणी द्यायचं, गप्पा मारायच्या, पण घरातलं सांगायचं नाही. पूर्ण नाव नाही, बाप कुठं जातो ते नाही, कोण आजारी, कोण भांडलं, कोण रडलं, काही नाही. धरणाच्या काठावर तंबू टाकून राहायला येणारे पर्यटक मुलांना हजार प्रश्न विचारतात, त्यामुळं वाडीतल्या मुलांची यात आधीच तयारी झालेली.

मी सायलीसमोर बसलो आणि गोड आवाजात म्हणालो, “बाळ, तुझं पूर्ण नाव काय?”

“तुमचं काय काम हाय?” सायली म्हणाली.

“बाबा कुठं गेलेत?”

“भाईर.”

“कधी येणार?”

“आल्यावर.”

मी हरलो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. “आता तुमी पोरगं व्हा,” गुरुजी म्हणाले, “मी पाव्हणा.”

ते माझ्यासमोर बसले. डोळे बारीक केले, आवाज मऊ केला. “दमलेले दिसताय सर. झोप झाली न्हाई का?” एवढंच म्हणाले हो. इतक्या आपुलकीनं मला कित्येक महिन्यांत कुणी काही विचारलं नव्हतं. पाच मिनिटांत मी त्यांना सांगून बसलो होतो की माझी साखर वाढलीय, बायको चार दिवस माझ्याशी बोलत नाही, आणि का बोलत नाही. पहिलीतली पोरं तोंडावर हात ठेवून ऐकत होती. खिचडीवाल्या मावशी दारात पळी घेऊन उभ्या होत्या.

“कळलं का रं?” गुरुजी मुलांकडं वळले. “ग्वाड बोलनाऱ्याला मानूस कसं सांगत जातंय? सर येवडे शिकल्याले, तरी सांगितलंच.”

केंद्र मार्गदर्शक त्या दिवशी मार्गदर्शन घेऊन लोणावळ्याला परतला.

याहून वाईट एक गोष्ट मी तेव्हा कुणालाच सांगितली नव्हती. दर सत्राला शिक्षकांना प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागतात. हे मूल कसं बोलतं, कशात रमतं, कुठं अडतं. पूर्वी आम्ही त्या एकमेकांच्या बघून लिहायचो. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी मी माझ्या वर्गातल्या सत्तावीस मुलांची नावं, घरची परिस्थिती, कुणाचा बाप पितो, कुणाची आई सोडून गेली, असं सगळं आमच्या शाळेच्या टॅबवर एआयला सांगितलं आणि म्हटलं, लिही. दहा मिनिटांत काम झालं. जो मुलगा जूनपासून वर्गात एक शब्द बोलला नाही, त्याच्यापुढं आलं, ‘आत्मविश्वासाने व स्पष्टपणे मत मांडतो.’ मी खाली सही केली. दुसऱ्या दिवशी मी एका शाळेत ‘खासगी माहितीचे रक्षण’ हे सातवं पान समजावून सांगत होतो. आवाज चढाच होता.

सत्र संपलं. टॅब तपासायची वेळ आली. शिक्षक आपापले टॅब घेऊन केंद्रशाळेत आले, मी नोंदी चाळल्या, चहा झाला, सगळे गेले. कुठंच काही नव्हतं. आमच्या शाळेचा टॅब तपासणारा मीच असल्यामुळं त्यातही काही सापडलं नव्हतं.

भालेराव गुरुजी सगळ्यात शेवटी राहिले होते. दुपारचे तीन वाजत आले होते. ते कामशेतला राहतात, आणि कामशेतची जीप समोर भरत होती. एरवी जीप दिसली की वाक्य अर्धं टाकून पळणारा हा माणूस, पण आज खुर्चीतून हलेना. शाळेत विजेचा भरवसा नाही म्हणून टॅब ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि तिथं चार्ज करायचे. तो त्यांनी पिशवीतून काढून माझ्यापुढं ठेवला.

“वाचा,” म्हणाले.

सुरुवातीला मुलांच्या तोंडी परीक्षा होत्या, सात वर्गखोल्या वगैरे. मग संध्याकाळच्या वेळा सुरू झाल्या. पहिला प्रश्न होता, इंद्रायणी तांदळाला पाणी किती घालायचं. मग वांगं करपलं तर काय करायचं. मग एका संध्याकाळी गुरुजींनी विचारलं होतं, ‘मी शाळेतून घरी आलो. सुमन असती तर काय म्हणाली असती?’

सुमनबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हा केंद्राच्या ग्रुपवर मी हात जोडलेली तीन चित्रं टाकली होती. माझं सांत्वन तेवढंच.

एआयनं लिहिलं होतं, ‘त्या कदाचित म्हणाल्या असत्या, “दमून आलात, जरा बसा. मी छान चहा करते.”’

खाली गुरुजी. ‘चूक. अख्ख्या संसारात एकदा म्हणाली नाही.’

‘आपण बरोबर आहात. क्षमस्व. त्या काय म्हणाल्या असत्या?’

‘पिशवी कुठं विसरलात, म्हणाली असती. मी पिशवी विसरतो.’

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा चूक. पुन्हा गुरुजींची दुरुस्ती. ती दारातच बोलायची. ती मला नावानं हाक मारायची नाही, ‘ऐकलं का’ म्हणायची. लादी ओली असली की आवाज चढायचा. भाजी चांगली झाली म्हटलं की ताटात आणखी वाढायची, म्हणून मी म्हणायचो नाही. ती गेली त्या दिवशी सकाळी मी जेवताना काहीच म्हणालो नव्हतो. असं महिनाभर. रोज एआय चुकायचं, रोज गुरुजी समजावून सांगायचे. मी मान खाली घालून वाचत होतो, कारण वर बघितलं तर गुरुजी दिसले असते.

शेवटची नोंद गेल्या गुरुवारची होती. प्रश्न तोच. उत्तर होतं, ‘“ऐकलं का, पिशवी कुठं विसरलात? आणि चप्पल बाहेर काढा, आत्ताच पुसलंय.”’

त्याच्याखाली गुरुजींनी काहीच लिहिलं नव्हतं.

“बरूबर आलं,” गुरुजी म्हणाले. “अक्षरन् अक्षर बरूबर. आन मी ‘व्हय व्हय’ म्हनत चपला काडाया भाईर गेलो, सर. पायरीवर ग्येल्यावर ध्येनात आलं.”

बाहेर जीपवाला कामशेत-कामशेत ओरडत होता.

“चुकत हुता तवर बरं हुतं. मी तिला सांगत बसायचो, तेवडाच येळ जायचा. बरूबर आलं आन मला भ्या वाटलं. पोरांना शिकिवतो घरातलं सांगू नका, आन सगळं घर मीच उचलून दिलं.” त्यांनी खिशातून पेन काढून माझ्यापुढं ठेवलं. “माझं नाव लिवा. खुलासा घ्या, सेवापुस्तकाला लावा, काय न्हाई माझं. पन टॅब पोरांकडं ऱ्हाऊ द्या. त्येंनी एक शब्द सांगितला न्हाई त्येला. तपासा तुमी.”

माझ्या चौदा पानांत यावर एक ओळ नव्हती. एआयचं उत्तर चुकलं तर काय करायचं याची सहा पानं होती. बरोबर आलं तर काय, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी कुणाला विचारलंही नव्हतं.

मी अहवालाचा कागद घेतला आणि पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं. केंद्रशाळा, सत्तावीस विद्यार्थी, नावांसह कौटुंबिक माहिती, सांगणारा स्वतः मार्गदर्शक. गुरुजींनी चष्मा पुढं ओढून ते दोनदा वाचलं. मग दुसऱ्या ओळीत त्यांचं लिहिलं, माहिती शिक्षकाची स्वतःची, विद्यार्थ्यांची नाही, शिक्षकाने स्वतःहून सांगितली. पहिल्या ओळीतलं माझं पाप एवढं ठळक होतं, की दुसऱ्या ओळीपर्यंत कुणाची नजर जायची शक्यता नव्हती. झालंही तसंच. आमच्या शाळेचा टॅब परत गेला, माझा खुलासा माझ्या सेवापुस्तकात जाऊन बसला, आणि केंद्रासाठी आता नवा मार्गदर्शक शोधताहेत. वाडीचा टॅब वाडीतच राहिला. रात्री तो आता खिचडीवाल्या मावशींच्या घरी चार्जिंगला असतो.

पण त्या दुपारी सही झाल्यावरही गुरुजी उठले नाहीत. सांत्वनाची वेळ दोन वर्षांपूर्वीच टळून गेली होती. मग आपल्याकडं कुणालाही सहज विचारतात, तेच मी विचारलं.

“गुरुजी, बाईंचं माहेर कुठलं?”

“सुदुंबरं,” ते म्हणाले, आणि खुर्ची माझ्याकडं ओढून घेतली. मग सुदुंबऱ्यातलं त्यांचं घर आलं, लग्नात ट्रॅक्टर चिखलात रुतला तो आला, सासऱ्यांनी जावयाची घेतलेली पाढ्यांची परीक्षा आली, आणि त्या परीक्षेत जावई सतराच्या पाढ्याला अडल्यावर पडद्याआडून हसलेली मुलगी आली. कामशेतच्या दोन जीपा भरून गेल्या. सहा वर्षं आम्ही एकाच केंद्रात आहोत, दर महिन्याला शेजारी बसून चहा पितो, आणि त्यांना हे मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं होतं.